पगारपत्रकातले रकाने

आज बोलायचं आहे पगाराच्या हिशोबाबद्दल. पगार मिळवण्याबद्दल आपण नेहमी बोलतो. पण तो पगार मोजतं कोण, कुठे बसून मोजतं, आणि ते काम बाईच्या हाती कसं आलं, याची गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. ती ऐकायला हवी, कारण हेच काम आता आपल्या तालुक्यांपर्यंत येऊन पोचलं आहे. शहरातली सीए मंडळींची ऑफिसं दहा-वीस छोट्या कारखान्यांचे, दवाखान्यांचे, शाळांचे पगार करून देतात. त्यासाठी आता ती गावाकडे, आपल्या घरी बसून काम करणारी माणसं घेऊ लागली आहेत. टॅली शिकलेल्या आपल्या मुली-सुना अशा जाहिराती मोबाइलवर बघतात आणि गटाच्या बैठकीत विचारतात, हे खरं असतं का, आणि हे चांगलं असतं का?

उत्तर द्यायचं तर जरा मागे जावं लागेल.

पगार हा शब्द मुळात आपला नाही. तो पोर्तुगीजांकडून आला. त्यांच्या भाषेत 'पागार' म्हणजे पैसे चुकते करणं. गावात बलुतं होतं, धान्य होतं, रोजावर काम होतं. महिन्याच्या महिन्याला ठरलेली रक्कम मोजून देण्याची रीत मोठ्या प्रमाणावर रुजली ती गोदी, रेल्वे आणि गिरण्यांमुळे. कोकणातून, घाटावरून माणसं मुंबईला गिरणीत गेली. बायाही गेल्या, सूत गुंडाळण्याच्या खात्यात त्या मोठ्या संख्येने असत. तिथे पगार होता, पण त्याला तारीख नव्हती. या महिन्याची मजुरी पुढचा महिना निम्मा सरला तरी हातात पडत नसे. मधल्या काळात वाण्याकडे उधारी आणि सावकाराकडे व्याज. त्यात दंड. सूत खराब झालं, उशीर झाला, की कापले पैसे. किती कापले आणि का, हे मजुराला वाचता येत नव्हतं आणि कुणी दाखवतही नव्हतं. वही गिरणीच्या कचेरीत आणि कचेरीचा दरवाजा बंद.

१८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांना एकत्र केलं. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक विचाराचा हा माणूस. साडेपाच हजारांच्या आसपास कामगारांच्या नावाने एक निवेदन तयार झालं. रविवारची सुट्टी हवी ही त्यातली मागणी आपल्याला माहीत असते. पण त्याच कागदावर आणखी एक मागणी होती: महिन्याची मजुरी पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावी. मागणी बघा किती साधी. वाढवून द्या असंही नाही, फक्त वेळेवर द्या. पुढे एप्रिल १८९० मध्ये दहा हजार कामगारांची सभा झाली आणि त्या सभेत दोन कामगार बायाही उठून बोलल्या. त्याच वर्षी जूनमध्ये गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. पगाराच्या तारखेला मात्र आणखी बरीच वर्षं लागली. १९३६ साली पगार वाटपाचा कायदा झाला. त्याने सांगितलं, एक हजारापेक्षा कमी कामगार असतील तर सात तारखेच्या आत आणि जास्त असतील तर दहा तारखेच्या आत पगार झाला पाहिजे. दंडालाही मर्यादा घातली: रुपयामागे अर्धा आणा, त्याहून जास्त नाही.

आज पगाराचं काम करणाऱ्या मुलीला विचारा, महिन्यातले कोणते दिवस तिला जेवायला फुरसत नसते. ती सांगेल, महिना संपतानाचे आणि पुढच्या सात तारखेपर्यंतचे. त्या सात तारखेमागे ही सगळी हकिगत आहे.

आता पगारपत्रक डोळ्यांसमोर आणा. आडव्या ओळीत माणसाचं नाव आणि पुढे उभे रकाने. सुरुवातीला रकाने थोडे होते: हजेरी, दर, दंड, उचल, हातात पडलेले पैसे. मग एकेक रकाना वाढत गेला. १९२९ साली मुंबई प्रांतात बाळंतपणाच्या रजेचा कायदा झाला. आधीच्या वर्षी कायदेमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याची बाजू मांडली होती. म्हणजे बाळंतीण बाईचा एक हिशोब वाढला. १९४८ मध्ये कामगार विम्याचा कायदा झाला, ज्याला आपण ईएसआय म्हणतो. १९५२ मध्ये भविष्यनिर्वाह निधीचा, म्हणजे पीएफचा. प्रत्येक कायद्यासरशी पगारपत्रकात एक रकाना वाढला.

यातल्या एका रकान्याशी आपलं, गावातल्या बायांचं, थेट नातं आहे. महाराष्ट्रात पगारदाराच्या पगारातून दरमहा व्यवसाय कर कापला जातो, बहुतेकांचा दोनशे रुपये आणि फेब्रुवारीत तीनशे. हा कर १९७५ साली लागू झाला तो कशासाठी? रोजगार हमी योजनेला पैसा उभा करण्यासाठी. १९७२ च्या दुष्काळात आपल्या आयाआज्या खडी फोडायला, पाझर तलावावर माती टाकायला गेल्या. ती कामं पुढे चालू राहावीत म्हणून शहरातल्या नोकरदाराच्या पगारपत्रकात एक रकाना आला. आता २०२३ पासून महिन्याला पंचवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या बाईला हा कर माफ आहे. पगार करणारीने हे ध्यानात ठेवलं नाही, तर एखाद्या बाईचे दोनशे रुपये उगाच कापले जातात.

रकाने वाढले तसा हिशोब अवघड झाला. आपल्याकडेच नव्हे, सगळीकडे. अमेरिकेत १९३७ पासून म्हातारपणाच्या पेन्शनसाठी मजुरीतून कपात सुरू झाली आणि १९४३ पासून आयकरही मालकानेच पगारातून कापून सरकारात भरायचा असं ठरलं. मोठ्या कारखान्यांकडे कारकुनांची फौज होती, पण पंधरा-वीस माणसांच्या छोट्या कारखान्याने काय करावं? त्याच्याकडे हिशोब जाणणारा एकच माणूस. न्यू जर्सी राज्यात पॅटरसन नावाचं गाव आहे. रेशमाच्या मागांसाठी प्रसिद्ध, आपल्या इचलकरंजीसारखंच म्हणा ना. तिथे हेन्री टॉब नावाचा हिशोबनीस होता, वय जेमतेम एकवीस-बावीस. असं सांगतात की, एका कारखान्यात पगार करणारा कारकून आजारी पडला आणि कामगारांचे पगारच अडकले, हे त्याने पाहिलं. १९४९ मध्ये त्याने धंदा काढला: तुमची हजेरी आमच्याकडे पाठवा, पगार आम्ही मोजून देतो. आज ती कंपनी एडीपी या नावाने जगभर लोकांचे पगार करते आणि आपल्या पुण्यातही तिचं ऑफिस आहे. पगार कारखान्याच्या भिंतीबाहेर मोजता येतो, हे या धंद्याने दाखवलं.

दुसरी गोष्ट इंग्लंडची. तिथे लायन्स नावाची कंपनी चहाची दुकानं चालवायची आणि केक-पाव बनवायची. हिशोबाला कारकून पुरेनात म्हणून तिने चक्क स्वतःचा संगणक बांधला. लिओ असं त्याचं नाव. १९५१ मध्ये तो कचेरीच्या कामाला लागला आणि १९५४ मध्ये त्याच्यावर पगार सुरू झाले. सराईत कारकुनाला एका माणसाचा पगार काढायला आठ मिनिटं लागायची. लिओ तो दीड सेकंदात काढायचा. पुढे फोर्ड या मोटार कंपनीने आपल्या कामगारांचे पगारही लायन्सकडेच करायला दिले. आता हे यंत्राला शिकवलं कोणी? त्यात मेरी कूम्ब्स नावाची एक तरुणी होती. अशा व्यापारी कामासाठी संगणकाला सूचना लिहिणारी पहिली बाई म्हणून तिचं नाव घेतात. लायन्सचे आणि फोर्डचे पगार बसवण्यात तिचा हात होता. १९६४ मध्ये घरच्या जबाबदाऱ्यांमुळे तिने पूर्ण वेळची नोकरी सोडली. इतकं कसब असलेली बाई, पण पूर्ण दिवस ऑफिसात बसता येत नाही म्हणून मागे पडली. तिच्यासारख्या कितीतरी जणी त्या देशात घरी बसून होत्या.

त्यांचा विचार केला तो स्टेफनी शर्ली या बाईने. ती जन्माने जर्मनीतली, वडील ज्यू. हिटलरच्या छळातून वाचवण्यासाठी १९३९ मध्ये हजारो मुलांना आगगाडीने इंग्लंडला पाठवलं, त्यात पाच वर्षांची ही मुलगी बहिणीबरोबर आली. मोठेपणी संगणकाचं काम शिकली. नोकरीत बाई म्हणून वर जाता येईना, तेव्हा १९६२ मध्ये सहा पौंडांच्या भांडवलावर तिने घरातच कंपनी काढली. कामं मागणारी पत्रं ती स्टेफनी या नावाने पाठवायची, पण उत्तरच येत नसे. नवरा म्हणाला, सहीत 'स्टीव्ह' लिही. पुरुषाचं नाव दिसताच उत्तरं येऊ लागली. तिने नोकरीवर घेतल्या त्या लग्न झाल्यावर, मुलं झाल्यावर घरी बसलेल्या शिकलेल्या बाया. घरी टेलिफोन असला की झालं. काम टपालाने जायचं, टेलिफोनवर बोलणं व्हायचं. मागे मूल रडलेलं गिऱ्हाइकाला ऐकू जाऊ नये म्हणून ती टेलिफोनवर बोलताना टाइपरायटरच्या खडखडाटाची टेप लावून ठेवायची. पहिल्या तीनशे कामगारांत पुरुष फक्त तीन. कॉन्कॉर्ड हे आवाजापेक्षा वेगाने उडणारं विमान होतं; त्यातल्या उड्डाणाची नोंद ठेवणाऱ्या पेटीचं काम या बायांनी आपापल्या घरी बसून केलं. १९७५ मध्ये इंग्लंडात स्त्री-पुरुष भेद करू नये असा कायदा झाला आणि गंमत अशी की, त्या कायद्यामुळे हिला पुरुषांना दार उघडावं लागलं. पुढे तिने कंपनीची मालकीही कामगारांत वाटली.

याच कंपनीने पुढे झान्सा हे नाव घेतलं आणि नोएडा, चेन्नईबरोबर पुण्यातही ऑफिस उघडलं. सहा पौंडांचं ते घरगुती काम फिरत फिरत आपल्या दारी आलं. स्टेफनीबाई २०२५ च्या ऑगस्टमध्ये वारल्या.

आपल्याकडे काय झालं? १९८६ मध्ये टॅली बनवणारी कंपनी सुरू झाली आणि हळूहळू लाल कापडातल्या वह्या संगणकात गेल्या. गावोगावी संगणकाचे क्लास निघाले. तरी पगाराचं काम ऑफिसातच राहिलं. लोकांचे पगार ही झाकून ठेवायची गोष्ट. ते कागद बाहेर कसे जाऊ द्यायचे, असं मालकांना वाटे. मग मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. महिना संपत आला होता, ऑफिसला कुलूप होतं आणि पगार तर करायचेच होते. ते घरून करावे लागले, आणि झाले. ज्यांनी आजवर नाही म्हटलं होतं त्यांना कळलं की होतं. शहरातल्या माणसाने घरून केलं तर चालतं, मग फलटणच्या किंवा चाळीसगावच्या बाईने केलं तर का नाही? असा हा रस्ता आपल्यापर्यंत आला.

पण मैत्रिणींनो, घरी बसून काम करणं आपल्याला नवं आहे का? सोलापूरच्या, सिन्नरच्या विडी वळणाऱ्या बायांना विचारा. पानं-तंबाखू घरी आणायची, रात्रंदिवस वळायचं आणि विड्या कारखान्यात नेऊन द्यायच्या. तिथे बसलेला माणूस विड्या उलटसुलट करून छाट काढणार. छाटीचे पैसे नाहीत. काम बाईच्या घरात आणि मोजणारा हात दुसऱ्याचा. १९६६ च्या विडी कामगार कायद्यात छाटीच्या तंट्यासाठी वेगळी तरतूद करावी लागली. या बायांना पीएफ द्यायची वेळ आली तेव्हा मालक म्हणाले, या आमच्या कामगारच नाहीत, या आपापल्या घरी बसतात. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९८५ मध्ये न्यायालयाने सांगितलं की, तयार विडी नाकारण्याचा अधिकार मालकाकडे आहे, म्हणजे कामावर ताबा त्याचाच आहे. तेव्हा घरी वळणारी बाईसुद्धा त्याची कामगार आहे. ज्या छाटीने तिला लुटलं, त्याच छाटीने तिचा हक्क सिद्ध केला.

दुसरीकडे लिज्जत बघा. १९५९ मध्ये गिरगावात सात बायांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तिथेही पीठ घरी न्यायचं आणि पापड घरीच लाटायचे. पण लाटणारी तिथे मालकीण, आणि हिशोब तिच्या समोर.

विडीवालीनेही घरातून काम केलं, पापडवालीनेही, आणि स्टेफनीबाईंच्या कंपनीतल्या बायांनीही. कुणाचं भलं झालं आणि कुणाचं नाही, हे घरावरून ठरलं नाही. हिशोबाची वही कुणाच्या हातात आहे आणि त्या वहीत आपलं नाव कामगार म्हणून आहे का, यावरून ते ठरलं.

म्हणून घरून पगाराचं काम करायला निघालेल्या मुलीला मी एकच गोष्ट आधी सांगते. तू रोज दुसऱ्यांचे रकाने भरणार आहेस. कुणाचा पीएफ, कुणाचा ईएसआय, कुणाची बाळंतपणाची रजा. तुझ्या स्वतःच्या नावापुढे यातले किती रकाने आहेत? पुष्कळ ठिकाणी असं दिसतं की, शंभर माणसांचा पीएफ भरणारी मुलगी स्वतः मात्र 'कंत्राटी' म्हणून महिन्याला ठोक रक्कम घेते. रजा नाही, पीएफ नाही. हा जुनाच डाव आहे, फक्त पान-तंबाखूच्या जागी लॅपटॉप आला.

विचारायला लाजू नका. नेमणुकीचं पत्र देणार का? त्यात पगार, तारीख आणि कामाचे तास लिहिलेत का? महिनाअखेरीला रात्री जागून काम केलं तर त्याचं काय? पीएफ लागू आहे का? साधारणपणे वीसपेक्षा कमी माणसांच्या ऑफिसला पीएफ लागू होत नाही. पण मग तसं स्पष्ट सांगावं, आणि पगार ठरवताना त्याचा विचार व्हावा. लॅपटॉप आणि इंटरनेटचा खर्च कोणाचा? बाळंतपणाच्या कायद्यात २०१७ च्या बदलानंतर आणखी एक सोय आहे: काम तशा प्रकारचं असेल, तर रजा संपल्यावर मालक आणि बाई आपसात ठरवून घरून काम चालू ठेवू शकतात. हेही माहीत असू द्या.

आणि कामाच्या नावाखाली आधी नोंदणीचे पैसे मागत असतील, अनामत मागत असतील, तर सरळ नको म्हणा. पगार देणारा मालक कामगाराकडून पैसे घेत नाही. आधार कार्ड, बँकेचा तपशील नेमणूक पक्की झाल्याशिवाय देऊ नका, आणि ओटीपी तर कुणालाच नको.

आपल्याकडूनही काही देणं लागतं. पगाराचं काम म्हणजे विश्वासाचं काम. कुणाला किती मिळतं हे नवऱ्यालासुद्धा सांगायचं नाही. दार लागेल अशी एक जागा हवी. घरच्यांनी हे समजून घ्यायला हवं की, सूनबाई टेबलाशी बसली आहे म्हणजे ती रिकामी नाही. त्या सात दिवसांत पाहुण्यांचा चहा दुसऱ्या कुणी केला तर घर पडत नाही. चुकीला जागा कमी. एक आकडा चुकला तर एखाद्या घरचा हप्ता थकतो. आपल्या बचत गटाची वही ज्या बाईने दहा वर्षं पैचीही चूक न करता सांभाळली, तिला हे नव्याने शिकवावं लागणार नाही. शिकायचे आहेत ते कायदे आणि संगणक, आणि दोन्ही शिकता येतात.

गिरणीतल्या आपल्या पणज्यांना आपली वही बघायलाही मिळाली नाही. त्यांच्या पणत्या आज ती वही लिहायला बसल्या आहेत. पुढच्या बैठकीत गटातली कुणी असं काम करत असेल, किंवा कुणाची मुलगी करत असेल, तर तिला तिचं स्वतःचं पगारपत्रक घेऊन यायला सांगा. सगळ्या मिळून एकेक रकाना वाचा. जो रिकामा दिसेल, तो का रिकामा आहे, हे तिला विचारायला लावा.